थिनरच्या बॅरलजवळ काम करताना : अंबड-सातपूरला नव्यानं लागलेल्यांसाठी

आयटीआय करून किंवा ठेकेदारामार्फत पेंट शॉपला लागलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात हमखास एक काम मिळतं : "बॅरलमधून पाच लिटर थिनर काढून आण." काम पाच मिनिटांचं. ते कसं करायचं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. नाशिकजवळच्या अंबड, सातपूर, सिन्नरकडचं माळेगाव-मुसळगाव, गोंदे, कुठल्याही औद्योगिक पट्ट्यात रंगकाम, छपाई, चिकट टेप, रबर किंवा औषधांच्या कंपनीत लागलात तरी ज्वालाग्राही सॉल्व्हंटशी, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवाशी, गाठ पडतेच. हा लेख त्या पहिल्या आठवड्यासाठी आहे.

कॅनमध्ये काय आहे ते आधी बघा

थिनर म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचं थिनर वेगळं, पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचं वेगळं, इपॉक्सीचं वेगळं. त्यात टोल्युइन, झायलीन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटोन, कुठला तरी अल्कोहोल असं काय काय कमीजास्त प्रमाणात असतं. यातलं टोल्युइन बहुतेक ठिकाणी भेटतं आणि सुट्या बॅरलमध्येही येतं, म्हणून पुढचे सगळे आकडे टोल्युइनचे दिले आहेत. तुमच्या कॅनमधला माल वेगळा असेल तर आकडे बदलतील. कामाची पद्धत फारशी बदलणार नाही.

स्टोअरमध्ये जा आणि त्या मालाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे धोके आणि काळजी सांगणारं माहितीपत्रक, मागा. तिचे सोळा भाग असतात. सगळे वाचायला बसू नका, कंटाळून सोडून द्याल. दुसरा (धोके), चौथा (प्रथमोपचार), सातवा (हाताळणी व साठवण) आणि नववा (भौतिक गुणधर्म) एवढे चार वाचा. शीट इंग्रजीत असेल तर सुपरवायझरला शेजारी बसवून समजून घ्या. लाजायचं कारण नाही, शीट त्यासाठीच असते. बॅरलवर लाल चौकोनात ज्वाळेचं चित्र आणि यूएन 1294 असा क्रमांक दिसला तर ते टोल्युइन.

नवव्या भागात "फ्लॅश पॉइंट" शोधा. द्रवाची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकेल इतकी जमायला लागते, ते हे तापमान. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट साधारण 4 अंश सेल्सिअस आहे. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पेपरात फोटो येतात. तेवढ्या कडाक्यातसुद्धा टोल्युइन पेटायला तयार असतं. अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर ते बारा महिने तयार असतं. "थंडीत काही होत नाही" असं म्हणणारा एखादा जुना माणूस प्रत्येक शॉपमध्ये असतो. त्याचा मान ठेवा, त्याचं ऐकू मात्र नका.

पेटते ती वाफ

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. द्रव स्वतः जळत नाही, त्याच्या पृष्ठभागावरून उठलेली वाफ जळते. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि सखल जागा गाठते : केबलची चर, मशीनखालचा खड्डा, जिना उतरून जायचं तळघर, सांडपाण्याची गटार. दहा-पंधरा पावलांवर कुणी ग्राइंडर चालवत असेल तर वाफ तिथवर पोचते, पेटते आणि आग त्याच वाटेनं मागे तुमच्या बॅरलपर्यंत येते. म्हणून "माझ्या आसपास विस्तव नाही" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. वाफ कुठवर जाईल आणि तिथं काय आहे, हा खरा प्रश्न.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. हवेत टोल्युइनची वाफ साधारण 1.1 टक्क्यापासून 7.1 टक्क्यांपर्यंत असेल तर ती पेटते. त्याहून कमी असेल तर विरळ, जास्त असेल तर दाट. पेट्रोलच्या बंद टाकीतली वाफ आपल्या हवेत बहुतेक वेळा इतकी दाट असते की आत आग लागत नाही. टोल्युइनचं तसं नाही. 25 अंशांना बंद बॅरलच्या रिकाम्या भागात वाफेचं प्रमाण साधारण पावणेचार टक्के, म्हणजे पेटायच्या टप्प्याच्या बरोबर मधोमध. नाशिकच्या हवेत वर्षातले बहुतेक दिवस टोल्युइनचं अर्धं भरलेलं बॅरल आतून पेटण्याजोगं असतं. बुच उघडताना हे लक्षात असू द्या.

पहिल्या दिवशी शॉपमध्ये फेरी मारा

काम सुरू करायच्या आधी मान खाली घालून फिरा, कारण वाफ खाली असते. चर, खड्डे, गटारीची झाकणं कुठं आहेत ते पाहा. एक्झॉस्ट पंख्याची ओढ जमिनीजवळून आहे की छताला एकच पंखा लावून काम भागवलंय, तेही बघा. छताचा पंखा उकाड्याला ठीक, या वाफेला त्याचा फारसा उपयोग नाही.

मग विजेकडे बघा. सॉल्व्हंटच्या खोलीत दिवे, बटणं, मोटारी फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही अशा, असायला हव्यात : जाड बिडाची पेटी, चहूबाजूंनी बोल्ट. त्या पेटीचे चारपैकी दोनच बोल्ट जागेवर असतील तर ती फ्लेमप्रूफ राहिलेली नाही, हे इलेक्ट्रिशियनला सांगा. साधा एक्स्टेन्शन बोर्ड, टेबलफॅन, कूलर, चार्जिंगला लावलेला मोबाइल, यातलं काहीही आत नको. मे महिन्यात चाळिशीच्या उन्हात कुणी तरी कूलर आत सरकवतोच. त्याचा त्रास खरा आहे, पण कूलरची मोटार आणि खटका ठिणगी टाकतात.

आणखी एक जागा पाहा, जिच्याबद्दल बोलायला लोक कचरतात : देवाचा फोटो. आपल्याकडे प्रत्येक शॉपमध्ये तो असतो आणि पहिल्या पाळीला समोर उदबत्ती लागते. खंडेनवमीला तर मशीनची पूजा, निरांजन, कापूर, सगळं साग्रसंगीत. पूजा जरूर करा, पण फोटो सॉल्व्हंटच्या खोलीबाहेर, ऑफिसच्या बाजूला हलवा. खंडेनवमीच्या दिवशी पेंट बूथपुढे हळदकुंकू, झेंडूची माळ आणि नारळ पुरे. नारळही बाहेरच फोडा. विषय भावनेचा आहे, त्यामुळे नव्या मुलानं एकट्यानं वाद घालू नये. सुपरवायझरच्या कानावर घालावं, दसऱ्याच्या आठवडाभर आधी. आदल्या संध्याकाळी कुणी ऐकत नाही.

जाता जाता साठ्याचंही बघून ठेवा. फ्लॅश पॉइंट 23 अंशांखाली असलेलं टोल्युइनसारखं द्रव पेट्रोलियम कायद्यात "अ" वर्गात मोडतं. विक्रीसाठी नसलेला साठा 30 लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. असे परवाने देणारी मुख्य केंद्रीय यंत्रणा म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं बघणारी पेसो, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. आपल्या नेहमीच्या एका बॅरलमध्ये 200 लिटर असतात, आता हिशेब करा. परवान्याचं बघणं मालकाचं काम. पण शॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली तीन बॅरल दडवून ठेवलेली दिसली, तर तिथून लांब राहणं तुमचं काम.

बॅरलमधून कॅनमध्ये काढताना

सगळ्यात जास्त धोका इथं आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

टोल्युइन पाइपातून वाहताना किंवा कॅनमध्ये पडताना त्यात स्थिर वीज तयार होते. ते विजेचं वाईट वाहक असल्यामुळे ही वीज लवकर उतरत नाही, साठत जाते आणि संधी मिळाली की ठिणगी होऊन उडते. किती ठिणगी पुरते? हवेतली टोल्युइनची वाफ पेटायला सुमारे 0.24 मिलिज्यूल ऊर्जा बस्स होते. थंडीत स्वेटर काढताना तडतड होते, दाराच्या कडीला हात लावल्यावर चटका बसतो. जो चटका तुम्हाला जाणवतो, त्यात याहून जास्त ऊर्जा असते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा कोरडी पडते तेव्हा हे जास्तच होतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे थोडं कमी होतं, म्हणून जुलैत चाललेली सवय जानेवारीत चालेलच असं नाही.

क्रम असा ठेवा :

1. अंगात सुती कपडे हवेत. नायलॉन-पॉलिएस्टरचं जॅकेट, स्वेटर बाहेर काढून या. आत आल्यावर काढू नका. पायात कंपनीनं दिलेले अँटिस्टॅटिक बूट. खिशात मोबाइल आणि लायटर नको.

2. कॅन धातूचा घ्या. प्लास्टिकच्या कॅनमधली वीज जमिनीत उतरवायला मार्गच नसतो. पाण्याच्या बाटलीत थिनर काढायची पद्धत तर दुहेरी वाईट : ठिणगीचा धोका आहेच, शिवाय दुसऱ्या पाळीचा कुणी तहानलेला ती तोंडाला लावू शकतो.

3. बॅरल अर्थिंगच्या पट्टीला वायरनं जोडा. मग दुसऱ्या वायरनं बॅरल आणि कॅन एकमेकांना जोडा. क्लिप रंगावर लावली तर ती फक्त शोभेला. क्लिपचे दात रंग खरवडून उघड्या धातूला भिडले पाहिजेत. क्लिप हलवून बघा, चकचकीत ओरखडा दिसला पाहिजे.

4. ही जोडणी बुच उघडायच्या आधी करा. बुच पितळी किंवा ठिणगी न उडवणाऱ्या पान्यानं सोडवा आणि आधी अर्धाच फेरा फिरवा. उन्हात राहिलेल्या बॅरलमध्ये दाब असतो, फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबा. छिन्नी-हातोडी अजिबात नको.

5. हातपंप किंवा नळ वापरा. काढनळी तोंडानं ओढू नका. टोल्युइनचा घोट पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात गेलेले चार थेंब जास्त घातक ठरतात. त्यातून न्यूमोनियासारखी गंभीर सूज येते.

6. नळीचं टोक कॅनच्या तळापर्यंत न्या आणि धार हळू सोडा. वरून धबधबा पाडला की तुषार उडतात आणि वीज वाढते. नरसाळं असेल तर तेही धातूचं, कॅनला टेकलेलं.

7. कॅन काठोकाठ भरू नका. भरून झाल्यावर मिनिटभर थांबा, साठलेली वीज उतरू द्या. मग दोन्ही झाकणं लावा आणि वायर सर्वांत शेवटी काढा.

घाईत असलेला ऑपरेटर "वायर राहू दे, रोज काढतो आपण" असं म्हणेल. रोज काढतो तेही खरं आणि रोज काही होत नाही तेही खरं. कारण ठिणगी, योग्य प्रमाणातली वाफ आणि जागा हे तिन्ही रोज एकत्र येत नाहीत. ते कधी एकत्र येतील हे तुम्हाला ठरवता येत नाही, वायर लावणं मात्र तुमच्या हातात आहे.

नाक, डोकं आणि हात

टोल्युइनचा वास हवेत अगदी थोडं असतानाच येतो, ही त्यातली चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की थोड्या वेळात नाकाला त्याची सवय होते. वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं समजू नका. 1948 च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत आठ तासांच्या पाळीसाठी टोल्युइनची मर्यादा हवेत दहा लाख भागांत 100 भाग आणि थोड्या वेळासाठी 150 भाग दिली होती. अमेरिकेतल्या आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेनं सुचवलेली आठ तासांची मर्यादा अवघी 20 आहे. मोजायला यंत्र लागतं. तुमच्याकडे यंत्र नसेल तर शरीराचं ऐका : डोकं जड होणं, गरगरणं, चालताना तोल जाणं, उगाच हसू येणं. शेजारी काम करणारा "चढल्यासारखा" वागायला लागला तर त्याची टिंगल करू नका. त्याला दंडाला धरून मोकळ्या हवेत न्या. वर्षानुवर्षं जास्त वाफेत काम केलं तर स्मरणशक्तीवर आणि ऐकण्यावर परिणाम होतो. शेजारी मशीनचा गोंगाट असेल तर कानांचं नुकसान आणखी वाढतं. गरोदर महिलांना या कामावर ठेवू नये.

तोंडाला रुमाल बांधणं किंवा धुळीचा पांढरा मास्क लावणं म्हणजे नुसतं समाधान, वाफ त्यातून आरपार जाते. लागतो तो ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज (सॉल्व्हंटची वाफ शोषणारी डबी) लावलेला मास्क. मास्क घालूनही वास आत यायला लागला तर कार्ट्रिज संपला. वापरून झाल्यावर मास्क हवाबंद पिशवीत ठेवा. उघडा खुंटीला टांगला तर कार्ट्रिज रात्रभर वाफ ओढत राहतो. आणि एक पक्कं लक्षात ठेवा : टाकीत किंवा खड्ड्यात उतरायला हा मास्क चालत नाही. तिथं ऑक्सिजनच कमी असू शकतो. परमिट, हवेची तपासणी आणि बाहेर उभा माणूस असल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, भले आतला सहकारी कोसळलेला दिसत असला तरी. वाचवायला धावत गेलेला दुसराही तिथंच पडतो.

हातमोज्यांबद्दल गैरसमज फार. निळे नायट्राइलचे पातळ मोजे टोल्युइनला काही मिनिटंच अडवतात. शिंतोड्यांपुरते ठीक, भिजले की लगेच बदला. हात बुडवायचं काम असेल तर व्हायटॉन किंवा लॅमिनेटचे मोजे मागा. आणि पाळी सुटताना थिनरनं हात धुणं बंद करा. त्वचेतलं तेल निघून जातं, भेगा पडतात आणि त्या भेगांतून थिनर आणखी आत शिरतं. हाताला लागलेला रंग आधी खाण्याच्या तेलानं चोळून सैल करा, मग साबण लावा.

सांडलं तर, पेटलं तर

सांडल्यावर पहिलं काम ओरडायचं : "थिनर सांडलंय, ग्राइंडिंग-वेल्डिंग बंद!" त्या भागातलं कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. बंद करतानाही ठिणगी उडते, हे बऱ्याच जणांना पटत नाही. वीज तोडायची तर लांबच्या मुख्य पॅनलवरून. मग दारं उघडा, कोरड्या वाळूचा बांध घाला, वाळू टाकून शोषून घ्या आणि प्लास्टिकच्या किंवा ठिणगी न उडवणाऱ्या फावड्यानं झाकणाच्या डब्यात भरा. लाकडाचा भुसा नको, तो स्वतःच इंधन. पाणी मारून गटारीत लोटणं सर्वांत वाईट : वाफ गटारीतून शेजारच्या कंपनीत निघते आणि सातपूर-अंबडकडचं पाणी नंदिनीतून गोदावरीला मिळतं.

आग लागली तर जोराच्या पाण्यानं विझवू नका. टोल्युइन पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. फोम, कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड वापरा. आग बादलीएवढी असेल आणि पाठीमागे बाहेर पडायचा रस्ता मोकळा असेल तरच हातातला सिलिंडर चालवा. त्याहून मोठी असेल तर बाहेर पडा, 101 किंवा 112 लावा आणि फोनवर काय जळतंय आणि बॅरल किती आहेत ते आधी सांगा. त्यावरून अग्निशमन दल फोम घेऊन निघतं.

अंगावर सांडलं तर कपडे पाण्यानं भिजवून मग काढा, कोरडे ओढून काढताना ठिणगी उडू शकते. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटं पाणी. पोटात गेलं तर उलटी करवू नका. मीठपाणी, दूध, काहीही पाजू नका. 108 बोलवा आणि डेटा शीटची प्रत पेशंटबरोबर दवाखान्यात पाठवा.

रिकामं बॅरल

भरलेल्या बॅरलला सगळे घाबरतात, रिकाम्यावर बसून डबा खातात. इथंच उलटं व्हायला हवं. 200 लिटरच्या बॅरलमधली हवा पेटण्याजोगी करायला किती टोल्युइन लागतं? साधारण 10 मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. बॅरल पालथं करून निथळल्यावरही तळाच्या कडेला याहून जास्त शिल्लक राहतं. त्यावर गॅस कटर किंवा ग्राइंडर लावला की बॅरलचा बॉम्ब होतो, झाकण छातीवर येतं. बॅरल कापून पाण्याची टाकी, कूलरची बॉडी, गुरांची गव्हाण बनवायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून हे अपघात वर्कशॉपइतकेच भंगाराच्या दुकानांत आणि वस्तीतही होतात. "पाण्यानं धुतलंय" याला अर्थ नाही, कारण टोल्युइन पाण्यात जवळजवळ मिसळत नाही. शॉपमधल्या कुठल्याही बॅरलवर किंवा त्याच्या जवळपास वेल्डिंग-कटिंग करायचं असेल तर हॉट वर्क परमिट, म्हणजे ठिणगी-ज्वाळेच्या कामाची लेखी परवानगी, लागते. परमिटवर सही करणाऱ्यानं जागेवर येऊन बघितलं पाहिजे, ऑफिसात बसून नव्हे.

आपल्या भागात याला आणखी एक फाटा आहे. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांना फवारणीचं औषध कालवायला 200 लिटरची बॅरल लागतात आणि ओळखीतून कंपनीचं रिकामं बॅरल मागितलं जातं. मामा, काका, गावचा कुणी, नाही म्हणणं अवघड जातं. तरी नाही म्हणा. रसायनानं माखलेली रिकामी बॅरल 2016 च्या घातक कचरा नियमांत घातक कचरा म्हणूनच नोंदलेली आहेत, ती कुणालाही देता-विकता येत नाहीत. बागेसाठी नवं प्लास्टिकचं पिंप घ्यायला सांगा.

थिनरनं भिजलेल्या चिंध्या आणि कॉटन वेस्ट झाकण घट्ट बसणाऱ्या लोखंडी डब्यात टाका आणि डबा रोज पाळी संपताना बाहेर न्या. त्याच डब्यात जवसाच्या तेलाच्या रंगाच्या चिंध्या टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. वापरलेलं थिनर वेगळ्या, लेबल लावलेल्या बॅरलमध्ये साठवा. पावसाच्या गटारीत किंवा कंपनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर ओतू नका. घातक कचरा कंपनीत जास्तीत जास्त 90 दिवस ठेवता येतो. म्हणून बॅरलमध्ये पहिला कॅन ओतला त्या दिवशीची तारीख लेबलवर मार्करनं टाका. माल उचलायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्याचीच गाडी आली आहे ना, त्याच्याकडे फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीचा कागद) आहे ना, हे स्टोअरवाल्यानं बघायचं. बॅरल गाडीत चढवताना मात्र तुम्हीच असता, तेव्हा दोन्ही बुचं हातानं आवळून बघा.